घर विकू नका, आधी एक वर्ष राहून बघा

इंग्लंडमधल्या लेस्टरहून एका ताईंचं पत्र आलंय. दोघंही ब्रिटिश सिटिझन, ह्यांचं स्टेट पेन्शन, म्हणजे ब्रिटिश सरकारचं म्हातारपणीचं पेन्शन, सुरू झालंय आणि आता त्यांना घर विकून कायमचं सांगलीला जायचंय. ताईंना डायबेटीस आहे, इन्सुलिन चालू आहे, मुलगी इंग्लंडमध्येच. काही बोललं की हे म्हणतात, पाउंडात पेन्शन येतंय, घाबरतेस काय! ताई विचारतात, मी उगाच घाबरते का?

नाही हो ताई, उगाच नाही. पण तुमच्या ह्यांना एक गोष्ट माहीत नसावी. यूकेत राहिलात तर पेन्शन दरवर्षी वाढतं, ट्रिपल लॉकमुळे (महागाई, पगारवाढ किंवा अडीच टक्के, ह्यातलं जे जास्त तेवढी वाढ) निदान अडीच टक्के तरी, पण भारतात राहायला गेलात की जाताना जो आकडा असेल तिथेच ते गोठतं. 2025-26 मध्ये फुल रेट आठवड्याला 230.25 पाउंड होता. अडीच टक्क्यांनीच धरलं तरी 20 वर्षांनी लेस्टरचा शेजारी 377 च्या आसपास घेत असेल आणि तुमचे हे 230 वरच, आणि सांगलीतली महागाई काही थांबणार नाही. स्पेनला गेलेल्यांना वाढ मिळते, अमेरिकेतल्यांना मिळते, भारतात येणाऱ्यांना नाही, कॅनडा-ऑस्ट्रेलियावाल्यांनाही नाही. अन्याय आहेच, पण वर्षानुवर्षं हेच चाललंय, त्यामुळे नियम बदलेल ह्या भरवशावर घर विकू नका.

खरं सांगू का, मला पेन्शनपेक्षा तुमच्या इन्सुलिनची काळजी वाटते. इंग्लंडमध्ये साठीनंतर औषधं फुकट, सांगलीत मेडिकलवाला रोख मागणार. एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, पासपोर्टवर नाही, तिथे राहण्यावर मिळतं. कायमचं गेलात आणि मुलीला भेटायला इंग्लंडला गेल्यावर ॲडमिट व्हायची वेळ आली तर ब्रिटिश असूनही बिल येऊ शकतं. हां, पुन्हा कायमचं राहायला परत आलात तर हक्क लगेच मिळतो. म्हणूनच घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं! परतायची वाट उघडी राहते आणि भाडं पाउंडात येतं.

भारतातलं मेडिक्लेम आधी बघा, निघायच्या आधीच चौकशी करा. आधीपासूनच्या आजाराला वेटिंग पिरियड असतो, 3 वर्षांपर्यंत, तोवरच्या उपचारांचे पैसे बाजूला हवेत. डायबेटीस लपवून पॉलिसी घ्यायला कुणी सांगेल, अजिबात ऐकू नका, क्लेमच्या वेळी तेच अंगाशी येतं.

आणि ह्यांच्याशी भांडू नका. 'जायचं नाही' म्हणाल तर ते हट्टाला पेटतील. 'आधी एक वर्ष भाड्याच्या घरात राहू, मग ठरवू' असं म्हणा, मुलीसमोर म्हणा, आणि 230 चा हिशोब कागदावर मांडून त्यांच्या पुढ्यात ठेवा.

गेलातच तर पेन्शन ऑफिसकडून हयातीचा फॉर्म येतो, साक्षीदाराची सही घेऊन वेळेत परत पाठवावा लागतो, नाहीतर पेन्शन थांबतं. ते काम तुम्ही स्वतःकडे घ्या, ह्यांच्यावर सोडू नका.