पब्लिक की प्रायव्हेट? जर्मनीला निघालेल्यांचे दोन प्रश्न

प्रश्न : मी चिंचवडला सॉफ्टवेअरमध्ये आहे, वय ३४. स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीत नोकरी मिळाली आहे, वर्षाला ८०,००० युरो ब्रुटो, म्हणजे कपातीआधीचा पगार. बायको आणि पाच वर्षांची मुलगी दोन महिन्यांनी येतील. बायको लगेच नोकरी करणार नाही. एचआर म्हणतं, आरोग्य विमा पब्लिक घ्या नाहीतर प्रायव्हेट, तुमची मर्जी. तिथल्या एका एजंटाने प्रायव्हेटचं कोटेशन पाठवलंय, सोबत जोडतो. हप्ता महिना ६४० युरो, त्यातला अर्धा कंपनी भरणार, म्हणजे माझ्या खिशातून ३२०. पब्लिकला ५०० च्या वर जातात. शिवाय प्रायव्हेटवाल्यांना डॉक्टरची वेळ लवकर मिळते म्हणे. मग पब्लिक कशाला?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : कोटेशनचं तिसरं पान उघडलंत का? बहुतेक नाही. तिथे बारीक अक्षरात ‘जोडीदार ५६०, अपत्य १७०’ असं छापलंय. एजंटाने पहिल्या पानावर तुम्ही एकटेच आहात असं धरून हिशेब मांडला आणि तो तुम्हाला आवडला.

मी मूळची सांगलीची. गेली सोळा वर्षं इथे जर्मनीत एका कारखान्याच्या पगार विभागात आहे, म्हणून आकड्यांतच बोलते. तुमचे तिघांचे मिळून होतात १,३७०. कंपनी अर्धे देते हे खरं, पण त्याला कमाल मर्यादा आहे. २०२६ साठी ती महिना साधारण ५०९ युरो. म्हणजे तुमच्या खिशातून जातील ८६१. आता पब्लिक. मूळ दर पगाराच्या १४.६ टक्के, वर प्रत्येक विमा संस्थेचा आपापला जादा दर. तो यंदा सरासरी २.९ टक्के धरलाय. एकूण १७.५, निम्मा तुमचा, निम्मा कंपनीचा. आणि हा दर महिना ५,८१२.५० युरोपर्यंतच्याच पगाराला लागतो, त्यावरच्या पगाराला नाही. तुमचा वाटा आला ५०९. त्यात तुम्ही, बायको आणि मुलगी, तिघं. बायको-मुलीचा एक सेंटही वेगळा नाही. याला इथे ‘फामिलिएनफेअरझिशरुंग’ म्हणतात, म्हणजे कौटुंबिक विमा. शब्द लांबलचक आहे, पण पाठ करून ठेवा. बायकोला अगदी किरकोळ पगाराची सोडून कुठलीही नोकरी लागली की तिचा विमा तिच्या पगारातून सुरू होतो, तोवर ती तुमच्या विम्यात.

दीर्घकाळच्या शुश्रूषेचा विमा निराळा असतो, तो दोन्हीकडे सक्तीचा. पब्लिकमध्ये एक मूल असलेल्याला पगाराच्या १.८ टक्के, तुम्हाला महिना १०५ च्या आसपास. पगारपत्रकावर ही वेगळी ओळ दिसली की घाबरून आम्हाला मेल करू नका. दर महिन्याला एक तरी नवा भारतीय करतो.

आता ‘तुमची मर्जी’ म्हणजे काय ते. वर्षाला ७७,४०० युरोच्या खाली पगार असलेल्या नोकरदाराला ही मर्जी नसतेच, त्याला पब्लिक बंधनकारक. तुम्ही थोडक्यात वर आहात, म्हणून तुम्हाला निवड. पण जर्मनीतली पहिलीच नोकरी असल्यामुळे पब्लिकमध्ये शिरायला तुमच्याकडे नोकरी सुरू झाल्यापासून तीनच महिने आहेत. ही गोष्ट कोटेशनमध्ये कुठेच नाही, मी दोनदा पाहिलं. एकदा प्रायव्हेटमध्ये बसलात की परत यायचा मुख्य रस्ता एकच, पगार त्या मर्यादेखाली येणं. आमच्याकडे नागपूरचा एक मुलगा होता. सत्ताविसाव्या वर्षी सडाफटिंग असताना प्रायव्हेट घेतलं, खूश होता. मग लग्न झालं, जुळी झाली, आणि चार जणांचे चार हप्ते सुरू झाले. शेवटी त्याने कामाचे तास कमी करून घेतले, पगार मुद्दाम खाली आणला, तेव्हा पब्लिकमध्ये परतला. पगारकपातीचा अर्ज माझ्याच टेबलावर आला होता. त्याने सही केली ती पेन दाबून, कागद फाटेल इतकी. ५५ वर्षांनंतर तर तोही रस्ता जवळजवळ बंद. आणि प्रायव्हेटचा हप्ता पगार बघत नाही, निवृत्तीनंतरही नाही.

आणखी एक फरक. प्रायव्हेटवाले आधी तब्येतीची प्रश्नावली भरून घेतात. पाठीचं दुखणं, ॲलर्जी, मागे घेतलेलं समुपदेशन, सगळं विचारतात आणि त्यावर हप्ता चढवतात किंवा नकार देतात. पब्लिकमध्ये कुणी काही विचारत नाही. तुमच्या मुलीला दमा असो वा नसो, दर तोच.

वेळ लवकर मिळण्याचं म्हणाल तर ते खरं आहे, नाकारत नाही. त्वचारोगतज्ज्ञाकडे मला स्वतःला तीन महिने थांबावं लागलंय. पण ११६११७ नंबर लिहून ठेवा. पब्लिकवाल्यांना स्पेशालिस्टची वेळ शोधून देतात, आणि रात्री-शनिवार-रविवारी डॉक्टर कुठे बसलाय तेही सांगतात. जिवावरचं असेल तर ११२, तिथे पब्लिक-प्रायव्हेट कुणी विचारत नाही.

पब्लिकमध्ये खिशातून काय जातं? औषधाला पाच ते दहा युरो, दवाखान्यात राहिलात तर दिवसाला दहा, तेही वर्षातले जास्तीत जास्त २८ दिवस. मुलीला औषधाचे आणि दवाखान्याचे हे पैसे अठरा वर्षांपर्यंत माफ. चष्म्याला मात्र मोठ्या माणसांना सहसा काही मिळत नाही, आणि दाताच्या कॅपला साध्या उपचाराच्या ठरलेल्या खर्चाचे ६० टक्के. त्यामुळे निघण्याआधी चिंचवडमध्येच दात दाखवा आणि दोन चष्मे करून घ्या. इथे आमच्या मंडळाच्या गणपतीत जमलेल्या निम्म्या लोकांचे चष्मे लक्ष्मी रोडचे आहेत.

तारखांचं बघा. विमा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होतो, विमानातून उतरल्या दिवसापासून नाही. २४ तारखेला पोचून १ ला रुजू होणार असाल तर मधल्या आठवड्याचा तात्पुरता विमा निघण्याआधीच घ्या, व्हिसालाही लागेल. कार्ड यायला काही आठवडे जातात, तोवर विमा संस्थेचं सदस्यत्वाचं पत्र चालतं. बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल तर लग्नाचं प्रमाणपत्र मागतात. आपल्याकडे हे फार होतं, म्हणून ते बॅगेत नको, हातातल्या फोल्डरमध्ये ठेवा.

आणि भारतातला मेडिक्लेम बंद करू नका. जर्मनीचा पब्लिक विमा भारतात चालत नाही. दिवाळीला याल तेव्हाही लागेल, आणि कायमचे परतलात तर नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, नाशिकला राहते, वय ६६. मुलगी म्युनिकला आहे, तिला दिवस गेलेत. बाळंतपणासाठी तीन महिने जायचं आहे. मला बीपी आणि थायरॉइडची गोळी चालू आहे, एरवी ठणठणीत. जावई म्हणतात, आमच्याच विम्यात तुम्हाला घालून घेऊ. तसं होतं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही होत, बाई. जावयांची भावना चांगली, पण पब्लिक विम्याच्या कुटुंबात नवरा-बायको आणि मुलं येतात, आई-वडील नाहीत. तुम्हाला प्रवासी विमाच घ्यावा लागेल. शेंगेन व्हिसासाठी तो किमान ३०,००० युरोचा हवा. तेवढ्यावर थांबू नका, जास्त रकमेचा घ्या, हप्त्यात फार फरक पडत नाही.

खरा घोळ रकमेचा नसतो, फॉर्मचा असतो. माझ्या सासूबाई २०१४ ला इथे आल्या होत्या. विमा भारतात काढलेला. फॉर्म एजंटाने आमच्या सांगलीच्या घरी, डायनिंग टेबलवर बसून भरला. ‘काही आजार?’ समोर त्याने ‘नाही’ला खूण केली आणि म्हणाला, “काकू, बीपी काय सगळ्यांनाच असतं, उगाच हप्ता वाढतो.” इथे तिसऱ्या आठवड्यात त्यांचं बीपी इतकं चढलं की दोन रात्री दवाखान्यात ठेवावं लागलं. बिल २,१४० युरो. विमा कंपनीचं पत्र आलं दीड पानी, त्यात कामाचं वाक्य एकच : आजार लपवल्यामुळे दावा नामंजूर. नवऱ्याने तीन हप्त्यांत पैसे भरले. सासूबाईंना आकडा आम्ही आजतागायत सांगितलेला नाही. हे मासिक त्या वाचतात, म्हणजे आज कळेल.

तर दोन्ही गोळ्यांची नावं फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहा. मग पॉलिसीत ‘आधीपासूनचे आजार’ हे कलम काढून वाचा. बऱ्याच पॉलिसी ते पूर्ण वगळतात, काही जिवावर बेतलं तर ठरावीक रकमेपर्यंत देतात. तुम्हाला दुसऱ्या प्रकारची हवी, थोडी महाग पडली तरी. मुलीलाही जर्मन कंपन्यांचे पाहुण्यांसाठीचे विमे बघायला सांगा आणि तेच कलम ताडून पाहा. नेहमीची तपासणी आणि गोळ्या यात कुठेच बसत नाहीत, म्हणून तीन महिन्यांच्या गोळ्या मूळ पाकिटासकट न्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव इंग्रजीत हवं. आपल्या ब्रँडची नावं इथल्या केमिस्टला कळत नाहीत.

विमा तारखेवर काढताना परतीच्या विमानानंतरचे आठ-दहा दिवस धरा. बाळं तारीख बघून येत नाहीत. व्हिसा मात्र १८० दिवसांत ९० दिवसांचाच, तो वाढेल असं धरून चालू नका.