१५ हजारांत बाईकचं रायडिंग गियर आणि घरच्या सर्व्हिसिंगचं सामान कसं जमवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात पहिली नोकरी, काकांकडून मिळालेली जुनी पल्सर १५०, हातात १५,००० रुपये. एवढ्यात हेल्मेट, जॅकेट, हातमोजे आणि घरच्या घरी ऑइल बदलण्यापुरतं, चेन ताणण्यापुरतं सामान बसेल का? कुठे स्वस्त मिळेल? सेकंडहँड घ्यावं का?

बसतं. मीही जवळपास एवढ्याच पैशांत सुरुवात केली होती, पण पहिल्या फेरीत नको तिथे काटकसर केली. ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरूनच ठरलं.

तेव्हा रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेलं एक हेल्मेट मी ३५० रुपयांना घेतलं आणि वाचलेल्या पैशांत चकचकीत सॉकेट सेट आणला. दोन महिन्यांनी शिरवळच्या पुढे सर्व्हिस रोडवर खडीवरून गाडी घसरली. वेग तीसच्या आसपास असेल. पडताना पट्ट्याचं प्लॅस्टिकचं बक्कल तुटलं आणि हेल्मेट माझ्या पुढे घरंगळत गेलं. भुवईवर सात टाके पडले. घरी आल्यावर आतलं कापड उचकटून पाहिलं, तर टीव्हीच्या खोक्यात येतो तसला थर्माकोल. बोट लावलं की दाणे सुटत होते. माथ्यापाशी तर तोही नव्हता. मागचं आयएसआयचं स्टिकर नखाने अलगद निघालं.

तेव्हापासून माझा हिशोब ठरलेला आहे. लोखंड जुनं घ्यायचं, फोम आणि रबर नवंच घ्यायचं. हेल्मेट, आर्मर (जॅकेटमध्ये खांदा, कोपर, पाठीला बसवायचे संरक्षक पॅड), टायर, ब्रेक पॅड या वस्तू वापरल्याने किंवा नुसत्या पडून राहिल्याने संपत जातात, आणि ते बाहेरून दिसत नाही. हेल्मेटमधला थर्माकोल एकदाच दबून मार खाण्यासाठी असतो. जुन्या मालकाने ते एकदा आपटलं असेल, तर तुमच्यासाठी त्यात काहीच उरलेलं नाही. कवचावर साधा ओरखडाही नसतो, त्यामुळे तुम्हाला ते कळणारही नाही. म्हणून हेल्मेट मित्राने फुकट दिलं तरी घेऊ नका.

नवं हेल्मेट स्वस्तात घ्यायची एक सोपी युक्ती आहे: चित्रं नसलेलं घ्या. एकाच कंपनीचं, एकाच मॉडेलचं, एकाच कवचाचं हेल्मेट साध्या काळ्या-पांढऱ्या रंगात आणि डिझाइनमध्ये बघा. फरक काही शेकड्यांचा असतो, कधी हजाराच्या पुढेही जातो. मागच्या वर्षीचा रंग असेल तर आणखी कमी. स्टड्स, व्हेगा, स्टीलबर्ड यांची साधी फुलफेस हेल्मेट तुमच्या बजेटमध्ये आरामात बसतात. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटवर आयएसआय मार्क असणं कायद्यानेच बंधनकारक आहे, त्यामुळे रस्त्यावरचा विक्रेताही मार्क चिकटवतोच. खरं-खोटं असं ओळखा: चिन्हाच्या वर आयएस ४१५१ आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. फोनवर भारतीय मानक ब्युरोचं बीआयएस केअर ॲप घ्या आणि दुकानात उभं राहूनच तो क्रमांक टाका. कंपनीचं नाव, उत्पादन आणि परवाना चालू आहे की नाही, सगळं समोर येतं. दुकानदाराने तोंड वाकडं केलं तर बाहेर पडा.

मापाबाबत घाई करू नका. शिंप्याचा टेप भुवयांच्या बोटभर वरून डोक्याभोवती गुंडाळा आणि जो सेंटिमीटरचा आकडा येईल त्याने सुरुवात करा. घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. हनुवटीकडून हेल्मेट धरून हलवलं तर गालाची कातडी सोबत हलायला हवी. दुकानातच दहा-पंधरा मिनिटं डोक्यावर ठेवा. कपाळ एका जागी ठणकायला लागलं तर त्या हेल्मेटचा आकार तुमच्या डोक्याचा नाही, मग ते कितीही सवलतीत असो. ऑनलाइन थोडं स्वस्त मिळेल, पण पहिलं हेल्मेट घालून बघूनच घ्या.

जॅकेट मात्र सेकंडहँड घ्या असं मी मोकळेपणाने सांगेन. लडाखचा मोसम साधारण जून ते सप्टेंबर असतो. तिकडे जायचं म्हणून पुष्कळ लोक जॅकेट, नी-गार्ड, सॅडल बॅग असं सगळं नवंकोरं घेतात, एक फेरी करून येतात आणि मग ते कपाटात अडगळ होऊन बसतं. सप्टेंबरअखेर ते दिवाळी या काळात ओएलएक्सवर आणि रायडर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा माल मी दर वर्षी येताना बघतो. माझं सध्याचं जॅकेट असंच एका आयटीवाल्याकडून घेतलं, नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत. खिशात अजून पेट्रोलची पावती होती.

बघायला जाल तेव्हा जॅकेट आधी उलटं करा. शिवण आतून बघा. खांदा आणि कोपर इथे दुहेरी-तिहेरी टीप असायला हवी, एकही धागा सुटलेला नको. मग बाहेरून कोपर आणि खांदा उजेडात तिरपा धरा. कापड एका दिशेने घासून चकाकत असेल तर ते जॅकेट रस्त्यावर घसरलेलं आहे, सोडून द्या. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते, म्हणून बगलेत आणि कॉलरच्या आत वास घ्या, लाजू नका. सगळ्यात शेवटी आर्मर बाहेर काढा आणि अंगठ्याने दाबा. दाबल्याची खूण हळूहळू भरून आली तर नवं येईपर्यंत ठीक. कडक झालेलं, कडेने भुगा होणारं आर्मर फेकूनच द्यायचं असतं.

इथे मी म्हटलेली फोमची गोष्ट पुन्हा येते: जॅकेटचं कापड जुनं चालेल, आर्मर नवं टाका. त्याचा वेगळा खर्च आधीच धरा. आर्मरवर नुसतं 'सीई' (युरोपीय मानकाची खूण) छापलेलं असणं पुरेसं नाही. खांदा-कोपर-गुडघ्यासाठी ईएन १६२१-१ आणि पाठीसाठी ईएन १६२१-२ असा क्रमांक कोरलेला हवा, आणि सोबत लेव्हल १ किंवा २. पाठीच्या आर्मरच्या चाचणीत लेव्हल १ ला सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंतचा जोर पलीकडे गेलेला चालतो, लेव्हल २ ला फक्त ९. बऱ्याच जॅकेटमध्ये पाठीच्या कप्प्यात नुसता स्पंजचा तुकडा असतो. तो काढा आणि पहिला खर्च तिथे करा.

हातमोजे नवे घ्या, तळव्यावर जाड चामडं आणि मनगटावर पट्टा असलेले. पडताना माणूस हात पुढे करतोच, आणि पट्टा नसेल तर हातमोजा निघून जातो. बुटांसाठी महागात जाऊ नका. भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक भागात कारखान्यातल्या कामगारांसाठीचे सेफ्टी शूज विकणारी दुकानं आहेत. घोट्यापर्यंत उंच, आयएस १५२९८ छापलेला जोड रायडिंग बुटांच्या पाव किमतीत मिळतो. रायडिंग बुटाइतकं संरक्षण तो देत नाही, पण चप्पल आणि कापडी बुटांपेक्षा कितीतरी बरा. नाडी आत खोचा, गियरच्या दांड्यात अडकते.

आता अवजारं. पल्सरला सेंटर स्टँड आहे, त्यामुळे पॅडॉक स्टँडचा (चाक उचलून धरणाऱ्या वेगळ्या स्टँडचा) विचारच नको, व्हिडिओत कितीही छान दिसला तरी. रिंग आणि फिक्स पाने ८, १०, १२, १४, १७ चे, मागच्या चाकाच्या ॲक्सलला (आसाला) बसेल तो मोठा पाना (नट मोजून घ्या), एलन कीचा एक संच, नोज प्लायर, चांगला स्क्रू ड्रायव्हर आणि प्लगचा बॉक्स पाना. एवढ्यावर वर्षभराची घरची सगळी कामं निघतात. शंभर तुकड्यांच्या पेटीच्या मोहात पडू नका. त्यातले ऐंशी तुकडे तुमच्या गाडीला लागतच नाहीत आणि जे वीस लागतात ते मऊ लोखंडाचे निघतात. माझ्या त्या चकचकीत सॉकेट सेटमधला १२ चा सॉकेट पहिल्याच ऑइल बदलाला फाकला आणि ड्रेन बोल्टच्या कडा गोल करून गेला.

पाने जुन्या बाजारातून घ्या. मंगळवार पेठेजवळ, बुधवारी आणि रविवारी भरतो. कारखान्यातून भंगारात निघालेले पाने तिथे पोत्यावर ढिगाने असतात. गंजाला घाबरू नका. रॉकेल किंवा डिझेलमध्ये रात्रभर भिजवून काथ्याने घासलं की निघतो. बघायचं ते तोंड. मी जाताना खिशात १०, १२ आणि १४ चा एकेक चांगला बोल्ट टाकून जातो. पाना उचलला की बोल्ट तोंडात घालून हलवायचा. डुलला तर पाना फाकलेला, परत ढिगात. घट्ट बसला तर दांड्यावर अंगठा फिरवून क्रोम व्हॅनेडियम किंवा टपारियासारखं ओळखीचं नाव कोरलंय का ते शोधायचं. एकदा एक म्हातारे विक्रेते माझं हे बोल्ट घालणं बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांनीच पोत्याखालून जुन्या रिंग पान्यांचा जुडगा काढून दिला, म्हणाले, "हे घे पोरा, तुला कळतंय." सहा पाने, २४० रुपये. आजही तेच वापरतो. घासाघीस करा, पण माल हातात घेऊन पारखल्यावर. आधी भाव विचारला की तोच भाव पक्का होतो.

तिथेच गाडीचे सुटे भागही दिसतील: आरसे, डिस्क, कार्ब्युरेटर, अलॉय व्हील. त्यांना हात लावू नका. ते कुठून आले ते तुम्हाला माहीत नसतं, आणि चोरीचा माल निघाला तर ती अडचण तुमची. पार्टसाठी नाना पेठ आहे. दुचाकीच्या सुट्या भागांची दुकानं ओळीने आहेत. तीन दुकानांत भाव विचारा, पण ब्रेक पॅड, क्लच केबल आणि ऑइल फिल्टर कंपनीच्या पाकिटातलेच आणि बिलावरच घ्या. टायर घ्याल तेव्हा बाजूच्या भिंतीवरचे चार अंक वाचा. २३२४ असेल तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. सवलतीत मिळतोय म्हणून चार वर्षं गोदामात पडलेला टायर घेऊ नका, रबर कडक होतं. बॅटरी-वायरिंग तपासायला मल्टिमीटर लागलाच तर तपकीर गल्लीत साधा मिळतो.

लोखंड जुनं चालतं म्हटलं, त्याला एक अपवाद आहे, टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरवलेल्या जोराइतकाच आवळायचा पाना. तो आतल्या स्प्रिंगवर चालतो, आणि आधीच्या माणसाने तो ताणलेल्या अवस्थेतच पेटीत टाकला असेल तर आकडा खोटा दाखवतो. नवा, साधा, क्लिक होणारा घ्या आणि काम झालं की प्रत्येक वेळी सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा. ॲल्युमिनियमच्या इंजिनात ड्रेन बोल्ट अंदाजाने आवळून आटे गेले, की टॉर्क रेंचच्या किमतीपेक्षा जास्त खर्च बसतो. कुठला बोल्ट किती आवळायचा ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये न्यूटन मीटरमध्ये दिलेलं असतं.

चेनसाठी महागडे स्प्रे लागत नाहीत. जुना टूथब्रश, थोडं डिझेल आणि नंतर ९० नंबरचं गियर ऑइल, एक डबा वर्षभर पुरतो. पेट्रोलने चेन धुऊ नका, चेनच्या कड्यांत ओ-रिंग (रबरी रिंगा) असल्या तर खराब होतात. आणि मागचं चाक फिरवत चेन पुसायची तर इंजिन बंद ठेवून, हातानेच फिरवा. इंजिन चालू ठेवून फडकं धरल्याने बोट गेलेला माणूस मी पाहिलेला आहे.

तुमच्या १५,००० ची मी अशी विभागणी करेन: हेल्मेटला ३,०००, जुन्या जॅकेटला ३,५००, त्यातल्या नव्या आर्मरला १,५००, हातमोज्यांना १,५००, बुटांना १,५००, नी-गार्डला १,०००, अवजारांना टॉर्क रेंच धरून ३,०००. सगळं एकाच महिन्यात घ्यायचं नाही. हेल्मेट आणि हातमोजे याच आठवड्यात घ्या. जॅकेटसाठी लडाखवाले परत येईपर्यंत थांबलात तरी चालेल, तोवर गाडी गावातच चालवा.

येत्या रविवारी जुन्या बाजारात जाणार असाल तर सकाळीच जा, दुपारनंतर चांगले पाने उरत नाहीत. आणि जाण्याआधी तुमची पल्सर कोणत्या सालची आहे आणि डोक्याचा घेर किती सेंटिमीटर आला ते इथे लिहा. मागच्या ॲक्सलचा पाना किती नंबरचा लागेल आणि हेल्मेट कोणत्या साइजपासून घालून बघायचं, ते सांगतो.