खाऱ्या बांधासाठी गवत: कोणते आणि केव्हा लावावे?

प्रश्न: गोराई-मनोरी भागातील काही शेतकऱ्यांनी विचारले आहे, की खाडीलगतचा बांध दर पावसाळ्यात खचतो, उन्हाळ्यात त्यावर पांढरे पोपडे धरतात आणि पेरलेले गवत उगवून करपते. खारटपणा सोसणारे आणि शक्यतो जनावरांना चालणारे इथलेच गवत कोणते? हरळी लावल्यास ती शेतात शिरेल, अशी भीतीही त्यांना वाटते.

उत्तर: गवत ठरवण्याआधी लागवडीची वेळ सुधारावी लागेल. क्षार सोसणारे गवतही मुळे धरल्यावरच ते सोसते. कोवळेपणी ते इतर गवतांइतकेच नाजूक असते. उन्हाळ्यात जमिनीखालचे खारे पाणी केशाकर्षणाने वर चढते, पाणी उडून जाते आणि मीठ पृष्ठभागावर राहते. आपण म्हणता ते पोपडे हेच. मृगाच्या पहिल्या सरींवर बी फेकले, तर ते नेमके याच थरात पडते आणि उघडीप मिळताच कोंब जळतात. मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यातील जूनचा पाऊस मीठ धुण्यासाठी सोडावा आणि लागवड जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात करावी. उघाडी (बांधातून पाणी खाडीत सोडण्याची झडपेची वाट) गाळाने बुजली असेल, तर धुतलेले मीठ शेतातच मुरते. अशा ठिकाणी गवतावर पैसे घालण्याआधी उघाडी साफ करून घ्यावी.

भरतीचे पाणी न पोहोचणाऱ्या बांधाच्या माथ्यासाठी आणि आतल्या उतारासाठी हरळी घ्यावी. बी न टाकता दोन-तीन पेरांचे, मुळे असलेले तुकडे वीतभर अंतरावर तिरके खोचून माती पायाने दाबावी. तुकडे जवळच्याच खारट बांधावरून आणावेत, रोपवाटिकेतील गोड्या पाण्यावर वाढलेले नकोत. हरळी शेतात शिरते ही आपली भीती रास्त आहे. बांधाच्या आतल्या बाजूने फूटभर खोल चर ठेवून त्यात उतरलेले धुमारे दर महिन्याला कापावेत; हे जमणार नसेल, तर भाजीच्या वाफ्यालगत हरळी न लावलेलीच बरी.

मृदसंपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युत वाहकता, म्हणजे खारटपणाचे माप, सुमारे ७ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत असताना हरळीची वाढ फारशी घटत नाही. मात्र प्रयोगशाळेच्या अहवालातील आकडा बहुधा एक भाग माती व अडीच भाग पाणी अशा द्रावणाचा असतो, तो बराच कमी दिसतो आणि त्यावरून जमीन गोडी आहे असा गैरसमज होतो. म्हणून आकडा कोणत्या पद्धतीचा आहे हे विचारावे आणि नमुना मे महिन्यात घ्यावा, कारण ऑगस्टमधील नमुन्यात बहुतेक मीठ धुऊन गेलेले असते.

उधाणाचे पाणी अधूनमधून जिथे लागते, तिथे हरळीऐवजी एल्युरोपस लॅगोपॉइडिस हे आपल्या किनाऱ्यावरचे बुटके, पसरणारे गवत टिकते. शोषलेले जास्तीचे मीठ ते पानांवरील ग्रंथींतून बाहेर टाकते. कोरड्या दिवशी पान जवळून पाहिल्यास त्यावर मिठाचे बारीक कण दिसतात आणि बोट फिरवून जिभेला लावल्यास खारट लागते. समुद्राकडच्या वाळूवर ‘रावणाच्या मिशा’ हे गवत योग्य, परंतु त्याची पाने सुईसारखी टोचतात, चाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

बांधाबाहेरच्या, रोजच्या भरतीत भिजणाऱ्या चिखलात काहीही लावू नये. ती जागा तिवरांची आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार तिवरांभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित आहे. त्या पट्ट्यात माती हलवायची असल्यास आधी वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे विचारणा करावी.

चाऱ्याविषयी: पहिले वर्षभर बांधावर गुरे सोडू नयेत, कारण खुराने उपटलेली मुळे पुन्हा धरत नाहीत. दुसऱ्या पावसाळ्यापासून गवत कापून घालावे, एल्युरोपस असल्यास ते भाताच्या पेंढ्यात मिसळूनच द्यावे, त्या दिवशी मीठ वेगळे देऊ नये आणि गोडे पाणी दिवसभर समोर ठेवावे.