नोटेशन न बघता, नुसतं ऐकून कीबोर्ड वाजवायला कसं शिकावं? आणि बसवलेलं लक्षात कसं राहील?

आधी चाल नीट गुणगुणता येऊ द्या, मगच कीबोर्डला हात लावा. चाल जिथे येऊन विसावते, तो स्वर बहुतेक वेळा 'सा' असतो. तो सापडला की एकेक ओळ बसवा. डाव्या हातासाठी बेस, म्हणजे गाण्यातला सगळ्यात खालचा, जाड स्वर ऐका. कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजवलेल्या स्वरांच्या गटाचा, मूळ स्वर बहुधा तिथेच मिळतो. सा, म, प यांवरच्या तीन मेजर कॉर्डमध्ये मेजर स्केलचे (म्हणजे शुद्ध स्वरांच्या सप्तकाचे) सातही स्वर येतात, त्यामुळे बऱ्याच सोप्या चाली तेवढ्यावर निघतात.

पाठांतरासाठी नुसत्या बोटांच्या सवयीवर विसंबू नका. एक स्वर चुकला तरी सगळं अडतं. मधल्या कुठल्याही ओळीपासून सुरू करायचा सराव ठेवा. आणि पट्टी आपोआप बदलणारं ट्रान्सपोझचं बटण न वापरता तीच चाल दुसऱ्या पट्टीत, म्हणजे दुसरा स्वर 'सा' धरून वाजवा. मला हाच सराव सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण पट्टी बदलली की ऐकून शोधावंच लागतं.