नेलपॉलिश दोन दिवसांत का उडतं?

प्रश्न : ताई, रविवारी लावलेलं नेलपॉलिश मंगळवारीच टोकाकडून उडतं. धुणीभांडी मीच करते. काय करू?

उत्तर : अगं, आधी सांग, डोक्याला तेल चोपडून त्याच हातांनी लावतेस का? तेलकट नखावर रंग धरतच नाही. म्हणून रिमूव्हरचा बोळा फिरव, मग बेस कोट, म्हणजे रंगाखालचा पारदर्शक थर. बाटली हलवू नकोस, बुडबुडे येतात. तळव्यांत रवीसारखी फिरव. रंगाचे दोन पातळ हात दे. ब्रश नखाच्या टोकाच्या कडेवरूनही ओढ. बायका नेमकं हेच विसरतात! भिजलेलं नख फुगतं, सुकलं की आकसतं, आणि रंग तिथूनच सुटतो. टॉप कोटही, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, कडेपर्यंत. त्या रात्री भांडी राहू देत, सकाळी हातमोजे घालून घास.