झिजलेल्या दगडावरचं हरीण दिसतं कसं?

प्रश्न : मंगोलियातल्या हरीण-दगडांचे फोटो बघितले. प्रत्यक्षात दगड पार झिजलेला आणि कॉम्प्युटरवर मात्र नक्षी एकदम स्पष्ट! नंतर रंगवतात की काय? आणि आमच्या गावच्या वीरगळावर मोबाइलने असं काही जमेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : रंगवत नाहीत हो, सगळी करामत उजेडाची आहे. हे दगड इ.स.पू. १२०० ते ६०० च्या सुमाराचे, भटक्या पशुपालकांनी उभे केलेले, काही तर चार मीटर उंच, आणि त्यातली खांगाई डोंगररांगेतली काही ठिकाणं २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेली. दगड म्हणजे बहुधा उभा माणूसच, वर कानातलं, खाली गळ्यातली माळ, कमरेला पट्टा नि त्याला अडकवलेला खंजीर, आणि अंगभर हरणं, चोचीसारखं तोंड असलेली, शिंगं वळणं घेत पार पाठीवर गेलेली. पण भर दुपारी बघाल तर त्यातलं निम्मं दिसणार नाही, कोरीवकाम उथळ आणि वर आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद चिकटलेले.

मग करतात काय, तर कॅमेरा स्टँडवर पक्का ठेवायचा, तो हलवायचाच नाही, फक्त लाइट दर वेळी वेगळ्या बाजूने मारायचा आणि प्रत्येक वेळी एक फोटो. फ्रेममध्ये एक चकचकीत काळा गोळा ठेवतात, त्यावर चमक कुठे पडली त्यावरून लाइट कुठून आला ते सॉफ्टवेअरला कळतं आणि दगडाचा कण न् कण कुठल्या बाजूला कललाय ते निघतं. मग कॉम्प्युटरवर फोटोतला रंग काढून टाकायचा, की डाग गायब आणि चरे वर! याला आरटीआय म्हणतात (माहिती अधिकारवालं नव्हे).

पण एक अडचण उरतेच, हरीण एका बाजूवरून सुरू होऊन कोपऱ्यावरून दुसऱ्या बाजूला जातं, एका फोटोत मावणार कसं? त्यासाठी दगडाभोवती फिरत एकमेकांवर येणारे भरपूर फोटो काढून थ्रीडी मॉडेल करतात, ते कॉम्प्युटरवर हवं तसं फिरवा, सपाट उलगडा. मला विचाराल तर खरी मजा इथेच आहे.

वीरगळाला मोबाइल पुरतो. थ्रीडीसाठी ढगाळ दिवस बघा, नुसती नक्षी बघायची तर रात्री टॉर्च अगदी बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून मारा. आणि प्लीज, रेघा उठून दिसाव्यात म्हणून खडू, तेल, पीठ काहीही लावू नका.