‘काही नाही जी’च्या पुढे काय?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी मनोविकारतज्ज्ञ आहे. अकरावीतला १६ वर्षांचा मुलगा पाच वेळा येऊन गेला. हातावर कापल्याच्या खुणा आहेत, कॉलेज सुटलंय, रात्र रात्र जागतो. फ्लुओक्सेटीन (नैराश्यावरची गोळी) सुरू करून तीन आठवडे झाले. काहीही विचारलं की ‘काही नाही जी’ एवढंच उत्तर येतं. वडील दर वेळी विचारतात, ‘पोरगं दुरुस्त होईन ना जी?’ माझ्या जागी दुसरा डॉक्टर असता तर हा बोलला असता, असं वाटत राहतं. मी कमी पडतोय का?

उत्तर : तीन आठवड्यांत गोळीचाही निकाल लागत नाही, तुमचाही नाही. १० मिलिग्रॅमने सुरू करून आठवड्याने २० केलं असेल, तर २० वर तो जेमतेम दोन आठवडे आहे. पुऱ्या डोसवर चार ते सहा आठवडे गेल्याशिवाय गुण आला की नाही हे ठरवू नये. डॉक्टरची शंका अशा वेळी चिठ्ठीवर उतरते. डोस घाईने वाढतो, दुसरी गोळी जोडली जाते, झोपेसाठी क्लोनाझेपाम लिहिलं जातं आणि त्याने या वयातली काही मुलं उलट जास्त भडकतात. आधी गोळी कधी घेतो ते विचारा. रात्री घेत असेल तर सकाळी द्या, जागरणाचं कारण तिथेच सापडू शकतं. एका जागी बसवेना, चिडचिड एकदम वाढली, तर ‘आजार वाढला’ म्हणून डोस चढवू नका, हा गोळीचाच त्रास असू शकतो. या औषधांनी कोवळ्या वयात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, हा ठळक इशारा अमेरिकेने २००४ मध्ये छापायला लावला. जपायचं ते सुरुवातीला आणि डोस बदलताना. दर आठवड्याला एसटीने येणं जमत नसेल तर निदान ठरलेल्या वारी फोन करा.

आता तुमची शंका. ‘मी कमी पडतोय का’ हे तपासता येत नाही. ‘निदान चुकलंय का’ हे येतं. म्हणून शंका केसपेपरवर आणा. घरात कुणाला उन्माद झाला होता का? महिनोन्‌महिने गप्प, मग एकदम झोप नको, पैसा उधळणं, असा कुणी काका-मामा निघाला तर नुसती नैराश्याची गोळी अंगाशी येऊ शकते. हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच चाचणी केलीय का? आपल्या भागात सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार, त्यात हाडं दुखतात) सोल्युबिलिटी चाचणीही करून टाका. हाडं दुखतात म्हणून पडून राहणारं पोरगं घरच्यांच्या लेखी कामचुकार असतं. खर्रा, गांजा आणि मोबाइलवरचा पैशांचा खेळ यांची चौकशी वेगवेगळी करा, ‘व्यसन आहे का’ असं मोघम विचारलं की उत्तर ‘नाही’च येतं.

आणि तो बोलणार कुणासमोर? स्टुलावर वडील, दारात कंपाउंडर, पडद्यामागे पुढचा पेशंट. वीस मिनिटं असतील तर पाच घरच्यांसोबत, बारा त्याच्या एकट्यासोबत, तीन पुन्हा सगळ्यांसोबत, अशी वाटणी करा. एकटा असताना पहिलं वाक्य हे : ‘तू सांगशील ते बाबांना कळणार नाही. पण तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुझ्या अंगाशी वाईट वागलं असेल, तर मला पुढे सांगावं लागते. ते तुला आधी सांगूनच करीन.’ लैंगिक अत्याचार कळवणं पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) बंधनकारक आहे, त्यामुळे हे नंतर सांगणं म्हणजे फसवणूकच. ‘का कापलं?’ हा प्रश्न ठाणेदाराचा वाटतो. ‘त्याआधीच्या तासाभरात काय झालं होतं?’ याला उत्तर देता येतं. तरी गप्प राहिला तर कागद-पेन पुढे करा.

मरणाबद्दल सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. आईची शपथ मात्र घालायला लावू नका. शपथ मोडायची वेळ आली की पोरगं सांगायचंच बंद करतं. त्यापेक्षा त्याच्याच शब्दांत एक पान लिहून घ्या : मन बिघडायला लागल्याची खूण कोणती, तेव्हा काय करायचं, कुणाकडे जायचं, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर (मोफत, चोवीस तास). गावातल्या आशाताईंना मध्ये घेण्याआधी त्याला विचारा, त्या बहुधा त्याच्याच कुणाच्या तरी काकू निघतात.

फवारणीचं औषध घरात ठेवायचंच नाही. ‘कुलपात ठेवा’ एवढं सांगून थांबू नका. श्रीलंकेत घरोघरी कुलपाच्या पेट्या देऊन पाहिल्या, त्याने विष घेण्याचं प्रमाण घटल्याचं दिसलं नाही. अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यावर मात्र मृत्यू कमी झाले. लागेल तेवढंच आणावं, उरलेलं घरी आणू नये. कपाशीच्या हंगामात हे प्रत्येक भेटीत विचारावं लागतं.

तो गेल्यावर येणारी हतबलता ही कदाचित त्याच्या घरातलीच असेल. अशी मुलं ती समोरच्याला देऊन जातात. भेट संपली की तीन ओळी लिहा : मला काय वाटलं, त्यापायी मी काय केलं, पुढच्या वेळी काय तपासणार. चिडून भेट लवकर आटोपली असेल तर तेही लिहा. पंधरा दिवसांतून एकदा पाऊण तास अनुभवी सहकाऱ्याशी फोनवर हीच पानं, नाव न घेता, बोला. तालुक्याला एकटं काम करणाऱ्याचा अंदाज हळूहळू सरकतो आणि आपल्याला कळत नाही. ठरवून मरणाची तयारी, भास, खाणंपिणं सुटणं, घरच असुरक्षित असणं, यातलं काही दिसलं तर वाट पाहू नका, वर्ध्याला किंवा नागपूरला पाठवा. १८ वर्षांखालच्या मुलाला भरती करायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दोघांनी (त्यात एक तरी मनोविकारतज्ज्ञ) स्वतंत्रपणे तपासावं लागतं, तेव्हा आधी फोन करून पाठवा.

वडिलांना ‘होईल, होईल’ म्हणू नका. म्हणा, ‘हा आजार आहे. बहुतेक पोरं यातून बाहेर येतात, पण तारीख मला सांगता येत नाही. सहा आठवडे गोळी तुमच्या हाताने द्या, फवारणीचं औषध घरात आणू नका, आणि अकरावीचा विषय काढू नका.’